आक्षेप क्रमांक चौदा

मा. लेखापरीक्षक महोदय,
आक्षेप मिळाला.
गंज पेठ वखार प्रकल्प, वर्ष तिसरं, परिवहन उपशीर्ष:
रात्री अकरा दहाची बस, सरासरी प्रवासी नऊ.
‘सदर फेरीचे समर्थन काय?’

आधी चुकलेलं लिहून टाकतो,
म्हणजे पुढचं नीट वाचाल.
कोनशिला दोनदा कोरली. पहिल्या वेळी साहेबांचं आडनाव चुकलं,
दुसरी लागेस्तोवर साहेबच बदलले.
भिंतीवरच्या मोरांना सहा लाख गेले,
सगळे मोर एका पायावर उभे आहेत अजून.
लेथ आली. थ्री-फेज जोडणी यायला सात महिने.
तोवर ती प्लास्टिकमध्ये बसून होती,
नंबर न लागलेल्या पेशंटसारखी.
आणि वखारीत करवतीवर होते ते सतरा जण
कुठल्याच रकान्यात नाहीत. मी शोधले.

आता बस.

पहिल्या वर्षी शेवटची गाडी नऊ चाळीसला सुटायची.
नाट्यगृह उघडलं होतं. खुर्च्या उत्तम, निळ्या.
प्रयोग संपायचा सव्वादहाला,
आणि साडेनऊपासून अंधारात
चपला शोधणारे पाय ऐकू यायचे,
पिशव्यांच्या चेनी, ‘जरा सरकता का’,
रांगेरांगेतून अख्खा कोंढवा उठून जायचा.
शेवटच्या अंकाला उरायचे ते स्वतःची गाडी असलेले.
गोष्ट संपते कशी
हे गावात फक्त त्यांना माहीत.

मी फाईलवर लिहिलं, फेरी वाढवावी.
फाईल परत आली: कारण नमूद करा.
मी लिहिलं: शेवट.

महोदय, नऊ ही सरासरी आहे.
सरासरीला खिडकीपाशी बसलेलं मी कधी पाहिलं नाही.
तिथे बसते मुमताज आतार, संध्याकाळची बॅच,
मोटार रिवाइंडिंग, नखांत वार्निश.
ओठ हलत असतात लुल्लानगरपर्यंत.
शेजारच्या बाईला वाटतं, तसबीह चालली आहे.
ती वेढे मोजत असते.
परवा समोरच्या पिठाच्या गिरणीचा पंखा तिनं भरून दिला.
तीनशे रुपये. त्यातले वीस कंडक्टरला दिले,
सुट्टे नव्हते तरी तो काही बोलला नाही.
याची नोंद कुठे करतात ते मला कळवावं.

मागच्या सीटवर एकनाथ पोटफोडे, तांबट, वय त्र्याहत्तर,
मंगळवारी आणि गुरुवारी पोरांना ठोका शिकवतात.
कानानं कमी, म्हणून सगळ्या बसशी बोलतात:
‘आमच्या आळीत आवाज बंद करा म्हणून तक्रारी द्यायचे लोक!
आता त्याच आवाजाचं तासाला चारशे मानधन!’
ड्रायव्हर हसतो.
सिग्नल मात्र तोडत नाही, रिकामा रस्ता असूनही.

कधी तो नट असतो, रंग अर्धा पुसलेला,
एक भुवई राजाची, एक घरची.

आणि साबळे.
त्या सतरांतला हा एक सापडला मला,
दुसऱ्या पाळीचा वॉचमन म्हणून, ठेकेदाराकडे.
जिथे तो सागाचे ओंडके लावायचा तिथे आता तिकीटबारी आहे.
उजव्या हाताची दोन बोटं त्या करवतीनं ठेवून घेतली,
म्हणजे पायात तीही आहेत, कोनशिलेवर नाहीत.
मी विचारलं, ‘नाटक पाहिलंत का एखादं?’
‘ऐकलंय की,’ म्हणाला, ‘दारातनं.
बेल झाली की मी पंखे बंद करतो.’
मग तीन बोटांनी दांडी धरून
तो उतरायच्या तयारीत उभा राहिला,
स्टॉप दोन थांबे लांब असताना.

फेरी बंद करण्यास या कार्यालयाची हरकत नाही
असं लिहायला मला सांगितलं आहे.
लिहिलं आहे. पेन्सिलीनं.

सोबत: तिकिटांचा गोषवारा, लॉगशीटच्या प्रती.
त्या नवांत एक मी असतो.
माझा खात्याचा पास आहे,
तरी तो उत्पन्नात धरू नये.